अस्वलाची पकड

एका डोंगराच्या पायथ्याला दाट जंगल होते आणि त्या जंगलात एक धिप्पाड अस्वल राहत असे. तिथली नदी उन्हाळ्यात आटली, की एकच डोह उरायचा. त्याचे पाणी रोज आधी कोणी प्यायचे, हे ठरवायला दोन्ही काठांचे प्राणी दरवर्षी एकदा एक खेळ खेळत. सपाट कातळावर नऊ दगड उभे करायचे आणि लांबून बेलफळ घरंगळत सोडून ते पाडायचे. प्रत्येक काठाला दोन डाव. ज्याच्या एका डावात जास्त दगड पडतील, तो काठ जिंकला. हरलेल्यांना उरलेले गढूळ पाणी प्यावे लागे.

अलीकडच्या काठाकडून अस्वल खेळायचे. मुलांनो, त्याच्याएवढा जोर जंगलात कोणाच्याच अंगात नव्हता. पण सलग दोन वर्षे त्याचे बेलफळ दगडांना वळसा घालून झुडपात गेले होते. गढूळ पाण्याने हरिणीची पाडसे आजारी पडली, तेव्हा अस्वलाला तिच्यासमोर मान वर करवेना. यंदा कोल्हा सर्वांदेखत म्हणाला, "बळ उदंड आहे रे, पण नेम कुठे आहे? या वेळी माकडाला पाठवू." अस्वल म्हणाले, "मला वीस दिवस द्या. तेवढ्यात जमले नाही, तर मी आपणहून बाजूला होईन." सगळे हरिणीकडे पाहू लागले. ती म्हणाली, "देऊ या वीस दिवस."

अस्वल त्याच दिवशी सरावाला लागले. नेम चुकला, की ते आणखी जोर लावी. चार दिवसांत दहा-बारा बेलफळे फुटली, पण दगड काही पडेनात. जवळच्या वारुळात मुंग्या शोधणारे एक म्हातारे खवले मांजर हे पाहत होते. संकट आले की अंगाचा चेंडू करून उतारावरून घरंगळत जाण्यात त्याचे आयुष्य गेले होते. ते म्हणाले, "बाळा, जोर कमी पडत नाही, पकड जास्त होते आहे. तू फळ मुठीत आवळतोस. सोडताना ते नखांना अडते आणि तिरके जाते."

"मग कसे धरू, आजोबा?"

"बोटांच्या गाद्यांवर पेल, तळवा मोकळा ठेव. हात खांद्यापासून पारंबीसारखा झुलू दे. गुडघ्यात वाक आणि फळ जमिनीलगत आले, की सोड. फेकू नकोस. सोडल्यावरही पंजा दगडांकडेच जाऊ दे."

ऐकायला सोपे होते, पण करायला महाकठीण! आवळायची सवय सोडली, तर फळ पायावरच पडू लागले. माकड झाडावरून हसून म्हणाले, "आधी निदान झुडपापर्यंत तरी जात होते!" अस्वलाची पायाची बोटे सुजली, गुडघे भरून आले, तरी ते सकाळ-संध्याकाळ कातळावर हजर असे. बाराव्या दिवशी पहिला दगड पडला. अठराव्या दिवशी पाच पडले.

खेळाचा दिवस उजाडला. पलीकडच्या वानराने एका डावात सात दगड पाडले. अस्वल पुढे आले. समोर हरिणीची पाडसे उभी होती. त्यांना पाहून त्याची बोटे नकळत आवळली गेली आणि बेलफळ सरळ झुडपात शिरले. "झाले! बसा आता चिखल पीत," कोल्हा करवादला.

शेवटचा डाव उरला. अस्वलाला जोर लावायचा मोह झाला, पण ते थांबले. त्याने एकेक बोट सैल केले, हात झुलवला, खाली वाकले आणि फळ अलगद सोडले. बेलफळ सुतासारखे सरळ गेले. खडखडाट झाला! आठ दगड आडवे झाले. नववा डुलला, पण तसाच उभा राहिला. आठ पुरेसे होते. अलीकडचा काठ आनंदाने नाचू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाडसे नितळ पाणी पिऊन बागडत होती. "अरे, चल, तूही पी!" हरिणीने अस्वलाला हाक मारली.

"आलोच," अस्वल म्हणाले, "हा नववा कसा राहिला, तेवढे पाहून येतो." आणि ते पुन्हा दगड रचू लागले.

तात्पर्य : नुसत्या बळाने काम साधत नाही, आपली चूक ओळखून ती चिकाटीने सुधारणाऱ्यालाच यश मिळते.