धर्मीबायचा अंधार

“मिठाचा डोळा हाय गो तो, धर्मे! मुरवला की पांढरा व्हईल.”

“मिठाचा डोळा चिपडं धरतो, भावोजी. हिच्या डोळ्यात चिपडाचा कण नाय, नुसतं पाणी. बुबुळाभवती लाल कडं बघा. नि ही बोटं बघा, रताळ्यावाणी सुजल्यात.”

“बोटांचा नि डोळ्याचा काय संबंध? उद्या म्हणशील, माणूस गुडघ्यानं बघतो!”

बांधावरची माणसं खो खो हसली. हसणाऱ्यांत बायकाही होत्या, हे विसरू नका.

फार वर्षं झाली त्याला. खाडीवर पूल नव्हता आणि पांढरखार गावात कंदिलाचंही कौतुक होतं, तेव्हाची गोष्ट. खाऱ्या जमिनीत भात जेमतेम, म्हणून गाव मिठावर जगायचं. उन्हाळाभर वाफ्यांतून मीठ ओढायचं, बांधावर राशी घालायच्या आणि पाऊस यायच्या आत पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, भरून शहराला धाडायचं. या मिठागराचा मुकादम होता हिराजी. त्याच्याशी भांडत होती ती धर्मीबाय, त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. आणि दोघांच्या मधे डोळ्यावर पदर दाबून उभी होती गेंदी, हिराजीची नवी सून, डोंगराकडून आलेली.

त्या गावात एक रीत होती, डोळा मुरवायची. नव्या माणसाचे डोळे पांढऱ्या राशींपुढं लाल होतात. मग त्याला भर दुपारी राशीसमोर उभं करायचं, दोघांनी दंड धरायचे, पापणी मिटू द्यायची नाही. पाणी गळायचं थांबलं की डोळा मुरला, लोणचं मुरतं तसा. ज्यांचे डोळे खरोखर मिठानं लाल झालेले असत, ते आपोआप बरे होत आणि नाव रीतीचं होई. जे बरे होत नसत, त्यांच्यावर देवीचा कोप. रीत कधी चुकली नाही, बघा. चुकायची ती माणसंच.

धर्मीबायचा डावा डोळा असाच मुरवला होता सासऱ्यानं. तरणीताठी होती ती, पण सकाळी उठल्यावर मूठ वळत नव्हती, गुडघे आखडलेले, भाकरी थापायला दुपार उजाडायची. सासू म्हणायची, सोंग. मग डोळा लाल झाला. उजेड सुईसारखा टोचायचा, आत खोल ठणका लागायचा. तिला राशीसमोर उभी केली. पावसाळ्यापर्यंत तो डोळा शिंपल्यासारखा पांढरा झाला.

असं म्हणतात, त्या पांढऱ्या डोळ्याला तेव्हापासून माणसांची दुखणी दिसू लागली. कुणी म्हणतं दिसत नव्हती, ती चौकशी करायची. मला दुसरं पटतं. मिठागरावर सगळ्यांचेच गुडघे दुखतात आणि सगळ्यांचेच डोळे लाल, म्हणून ही दोन दुखणी कुणी जोडून पाहिली नव्हती. तिनं पाहिली. लाल डोळ्याचं माणूस आलं की ती आधी त्याचा हात धरायची. “सकाळी मूठ वळते का?” हा पहिला सवाल. सांगायची, “ज्या आगीनं सांधा सुजतो, तीच डोळ्यात शिरते. आग एक, घरं दोन.”

आता गाव म्हणतं, तिच्याजवळ जडीबुटी होती. खोटं आहे. तिच्याजवळ एक काळी घोंगडी होती आणि तोंड होतं. घोंगडी टांगून ती माणसाला अंधाराला बसवायची आणि तोंडानं त्याच्या घरच्यांच्या मागं लागायची, की शहरात डोळ्यांचा डॉक्टर आहे, त्याच्याजवळ थेंब आहेत, आजच न्या, उद्या बाहुली आतून चिकटेल. कोण नेणार? मीठ ओढायला हात कमी आणि पडाव मुकादमाचा. किती डोळे तिच्या देखत गेले, त्यांची नावंही उरली नाहीत.

गेंदीच्या वेळी मात्र ती हटली नाही. दोन गडी दंड धरायला पुढं आले. असं म्हणतात, धर्मीबायनं खांद्यावरची घोंगडी झटकली आणि ती पसरतच गेली. बांध झाकला, वाफे झाकले, मिठाच्या राशी कोळशासारख्या काळ्या पडल्या. भर दुपारी बगळे झाडांवर परतले. आणि त्या अंधारात गेंदीनं डोळा उघडला.

असं म्हणतात, ओहोटी लागली होती, खाडीत नुसता चिखल. पण धर्मीबाय गेंदीला घेऊन पडावात चढली तशी भरती माघारी वळून आली. तिची मूठ वळत नव्हती, म्हणून तिनं पडाव रेटायची काठी मनगटांना बांधली आणि शहराच्या डॉक्टरकडं पडाव हाकारला.

गेंदीचा डोळा वाचला. आग काही विझली नाही. ती पुन्हा पुन्हा येत राहिली, बोटं वाकडी झाली, आणि प्रत्येक वेळी गेंदी त्याच दिवशी पडावात बसत राहिली. म्हातारपणी तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता तो बोटांमुळं, डोळ्यांमुळं नाही.

आणि धर्मीबाय? त्याच पावसाळ्याच्या तोंडाशी तिचा उजवा डोळा लाल झाला. पडाव ओढून वर घेतले होते. भात लावायची घाई होती. जिनं सगळ्यांसाठी पडाव मागितला, तिच्यासाठी पडाव पाण्यात लोटायला एक गडी निघाला नाही. ती आपल्या पायांनी घोंगडीमागं जाऊन बसली. असं म्हणतात, पाऊस उघडल्यावर लोकांनी घोंगडी उचलली, तर मागं कुणी नव्हतं. जमीन मात्र ऊबदार होती.

आजही पांढरखारला मीठ ओढायच्या पहिल्या दिवशी प्रत्येक बाई शेजारणीची बोटं दाबून विचारते, “मूठ वळते का?” जिची वळत नाही आणि डोळा लाल आहे, तिला त्याच दिवशी रिक्षात घालून डॉक्टरकडं नेतात. प्रत्येक खोपटात एक कोपरा बिनदिव्याचा ठेवतात. त्याला धर्मीचा अंधार म्हणतात. बांधावर तिचं देऊळही आहे. गावकीच्या पुरुषांनी त्यावर ट्यूबलाइट बसवलीय! जिनं जन्मभर अंधार मागितला, तिच्या डोक्यावर ट्यूबलाइट. बायका ती विझवतात, पुरुष पुन्हा लावतात.

देवळात सांगतात, त्या दुपारी घोंगडीची सावली पडली आणि मुकादम गप्प झाला. हिराजी सावलीला भिऊन गप्प बसणारा नव्हता. बायका वाफ्यांत सांगतात, ते असं. अंधार पडला तरी तो ओरडतच होता.

“माझ्या आयेचाबी डोळा मुरवला मी! बोटं वाकडी झाली, दोन्ही डोळं गेलं, पन कुरकुरली नाय. मी आगरावर अडकलेला, तरी माझं नाव घेत सुखानं गेली. तूच सांगितलंस ना गो?”

धर्मीबाय पडावाच्या काठावर थांबली. वळली.

“सुखानंच गेली, भावोजी, कारण मी एका परक्या खलाशाचं तोंड तिच्या हातात दिलं नि ‘हा घ्या तुमचा हिराजी’ म्हटलं, नि त्या वाकड्या बोटांना काय ते कळलं नाय.”