एका हत्तीपुरते कैलास

एका वृद्ध गुरुजींकडे एकदा त्यांचा जुना शिष्य आला. श्रीरंग त्याचे नाव. वयाची पंचेचाळिशी उलटलेली, आणि महिन्यापूर्वीच आई गेलेली.

तो म्हणाला, "गुरुजी, वेरूळचे कैलास लेणे भल्या सकाळी, गर्दी नसताना पाहावे, एवढीच आईची इच्छा होती. तासाभराच्या वाटेवर राहूनही मला जमले नाही. दर वेळी म्हणालो, पुढच्या रविवारी. आता निदान तिच्या वतीने सगळे लेणे नीट पाहून येतो. तुम्हीही चला."

दोघे सूर्योदयाला लेण्यांपाशी पोचले. तिकीटखिडकीजवळच्या बाकावर एक म्हातारी एकटीच बसली होती. गुरुजींनी तिची विचारपूस केली. तिचे नाव कौतिकबाई. मुलगा आणि सून नातवंडांना घेऊन आत गेले होते.

"माझे गुडघे नाही चालत, बापा. त्यांचा खोळंबा कशाला? मी आपली हितंच बरी."

गुरुजी श्रीरंगाकडे वळले. "यांचा हात धर. आत घेऊन चल."

श्रीरंग गोंधळला. "गुरुजी, दोन तासांत गर्दी होईल. मग काहीच धड पाहता येणार नाही."

"तरी धर."

त्याने हात धरला. दहा पावले चालायची आणि थांबायचे, असे करत ते अंगणात आले. शिखराच्या टोकावर ऊन उतरले होते. खाली दगड अजून गार होते. कौतिकबाईंनी दगडी हत्तीच्या पायावर तळहात ठेवला.

"अगं बाई! याची सोंड कुणी रे तोडली?" मग श्रीरंगाकडे पाहत म्हणाल्या, "तू काही खाल्लंस का? तोंड किती सुकलंय तुझं."

आई गेल्यापासून हे त्याला कुणी विचारले नव्हते.

तेवढ्यात मुलगा शोधत आला आणि ओशाळून आईला घेऊन गेला. सहलींच्या बस आल्या, अंगण माणसांनी भरले.

"सकाळ गेली, गुरुजी," श्रीरंग खिन्नपणे म्हणाला. "पाहून झाला तो फक्त एक हत्ती."

गुरुजी म्हणाले, "तुझ्या आईचेही गुडघे असेच होते. ती आली असती, तरी एवढेच पाहून झाले असते, आणि ती तृप्त होऊन घरी गेली असती. लेणे तिला कुणीही दाखवले असते, बाळा. तिला तुझी एक सकाळ हवी होती. ती सकाळ आता तिच्या वतीने कुणालाच घेता येणार नाही; त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पण तुझ्याकडून नेमके काय द्यायचे राहिले, ते तुला कळावे, म्हणून तो हात धरायला लावला."

श्रीरंग हत्तीजवळच्या दगडावर बसला. त्याचे डोळे भरून वाहू लागले. तो म्हणाला, "तिला हा हत्ती आवडला असता."

"हो," गुरुजी म्हणाले, आणि त्याच्या शेजारी बसले. निघायची घाई त्यांनी केली नाही.