नारिंगाला चौघांनी हाक मारली

एकदा काय झालं, पौषातली सप्तमी होती. सकाळी धुकं पडलं होतं, दुपारी लख्ख ऊन. बंदरात तीन गलबतं लागली. एक इराण्याचं, एक अरबाचं, एक फिरंग्याचं.

बंदराजवळ भिवरा राहायची. तिच्या अंगणात नारिंगाचं झाड होतं. साऱ्या मुलखात तेवढं एकच, बरं का. तिची लेक सोनी तापानं आडवी झालेली. पोटात काही ठरत नव्हतं, ठरायचा तो फक्त नारिंगाचा रस.

तिघा व्यापाऱ्यांनी झाड पाहिलं आणि तिघांनाही ते हवंसं वाटलं. मग गेले राजाकडे. त्या बंदराचा एक कायदा होता. मालावरून तंटा झाला, की नाव ज्याच्या भाषेतलं, माल त्याचा.

फिरंगी म्हणाला, "आम्ही लारांजा म्हणतो. झाड आमचं."

"हा शब्द शिकलात कुणाकडून?" राजानं विचारलं.

"अरबांकडून."

"आम्ही नारंज म्हणतो," अरब म्हणाला. "पण खरं सांगायचं, तर इराण्यांकडून घेतलं."

इराणी दाढी कुरवाळत म्हणाला, "आमचं नारंग. माझ्या आजोबांना तुमच्याच खलाशांनी शिकवलं."

राजा खूश झाला. "म्हणजे नाव आमचं. उपटा झाड, लावा माझ्या बागेत."

भिवराही तिथं उभी राहून ऐकत होती. ती धावत अंगणात आली. मागून राजा, मजूर आणि ते तिघे. मजुरांनी कुदळी उचलल्या.

इराण्याला वाईट वाटलं. जाता जाता त्यानं झाडाला हळूच हाक मारली, "नारंग." टपकन एक फळ त्याच्या हातात पडलं. मग अरबानं हाक मारली, त्यालाही मिळालं. फिरंग्याला मिळालं. राजानं घसा खाकरला, म्हणाला, "नारिंग." त्याच्याही हातात फळ.

मजूर थांबले. राजानं फळ हातात फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "भिवरे, आपल्याकडे तरी हे नाव कुठून आलं गं?"

"सासूबाई सांगायच्या, दक्षिणेच्या डोंगरातून एक बाई आली होती. पदरात बी आणि तोंडात नाव. दोन्ही देऊन गेली. तिला कुणी दिलं, ते विचारायचं राहिलं."

"मग कायद्यानं झाड कुणाचं?"

"मला नाही ठाऊक, महाराज. पाणी मी घालते. ओ मात्र ते सगळ्यांना देतं."

"सगळ्यांना ओ देतं, मग ते नावावरून एकाचं कसं ठरवायचं?" राजानं म्हटलं. मग कुदळी खाली ठेवायला सांगितल्या.

झाड अंगणातच राहिलं. राजानं तो कायदा त्याच दिवशी मोडीत काढला. तिघे आपापल्या फळातल्या बिया घेऊन गेले. राजानं आपलं फळ सोनीला दिलं. माघात सोनी उठून चालू लागली आणि सगळी सुखानं नांदली. आता पांघरूण घ्या आणि डोळे मिटा.