मोरशास्त्र्यांचं सोवळं

एका गावात एक भोळा गडी होता. नाव म्हादबा. सांगाल तेवढं करायचा, आणि अगदी तेवढंच.

तो मोरशास्त्र्यांच्या घरी कामाला होता. शास्त्रीबुवा तर्कात मुरलेले. दोन नियम एकमेकांना आडवे आले, की कोणता वर हे विचारायला पंचक्रोशी त्यांच्या ओसरीवर यायची. घरात त्यांचा मुख्य नियम एकच. ते सोवळ्यात असताना त्यांना शिवायचं नाही.

एकदा ते सकाळी म्हणाले, "गोठ्याचं दार उघडू नकोस." दुपारी म्हणाले, "गाय पाण्यावर ने." म्हादबा संध्याकाळपर्यंत दारापाशी उभा. आत गाय हंबरतेय.

"ठोंब्या! दोन आज्ञा भांडल्या की नंतरची खरी!"

"बरं, बुवा."

दुसऱ्या दिवशी बुवांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "दुधापासून हलू नकोस." मग मागल्या दारातून म्हणाल्या, "अंगण झाडून टाक रे." अंगण लख्ख झालं. दूध चुलीत गेलं.

"अरे, अंगण रोजचं! रोजच्या आज्ञेपेक्षा खास आज्ञा वर!"

"बरं, बुवा."

मग शास्त्रीबुवा चातुर्मासाला पैठणला गेले. गावात एक दाढीवाला भामटा हिंडत होता. काकूंनी बजावलं, "दाढीवाल्याला दार उघडू नकोस." चार महिन्यांनी शास्त्रीबुवा परतले, छातीपर्यंत दाढी घेऊन.

"म्हादबा, मी आलोय! उघड!"

"आवाज तुमचाच हाय, बुवा. पर घरच्यांना उघडायचं ही रोजची आज्ञा. दाढीची खास हाय."

काकू देवळातून येईपर्यंत बुवा पायरीवर बसून होते.

"गाढवा! आज्ञा कुणाची ते बघ! मालकाची आज्ञा सगळ्यांच्या वर!"

"बरं, बुवा. आता समदं समजलं."

आठवड्याने सोवळ्यात पाणी शेंदताना बुवांचा पाय घसरला. विहीर तुडुंब, बुवांना पोहता येईना. काठाचा एक दगड तेवढा हाताला लागला.

काकू ओरडल्या, "म्हादबा, धर त्यांना!"

म्हादबाने हात पुढे केला आणि मागे घेतला. "काकू, तुमची आज्ञा नंतरची. पर शिवायचं नाही ही मालकाची."

"अरे, मालकच सांगतोय!" बुवा गटांगळी खात ओरडले. "धर मला!"

म्हादबाने लगेच त्यांचं मनगट पकडलं आणि कमरेपर्यंत वर ओढलं. काकूंनी देवाला हात जोडले. बुवांना श्वास घेता आला, तशी जन्माची सवयही परत आली. हातावरची म्हादबाची बोटं त्यांना दिसली.

"शिवलास! अरे, सोवळ्यात आहे मी! सोड आधी!"

म्हादबाचा चेहरा उजळला. नंतरची आज्ञा. खास आज्ञा. वर मालकाची.

इतका सोपा निवाडा त्याला कधी मिळाला नव्हता. त्याने सोडलं.