तांबडखिंडीतला शमूबाबाचा ओटा

तांबडखिंडीतून मोटारी जायला लागल्या, त्याच्याही फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पटली तर खरी मानावी, आणि न पटणाऱ्यानं एकदा तो घाट डोक्यावर ओझं घेऊन चढून बघावा.

तेव्हा खिंडीखालच्या बोरखडी गावातल्या बाया मडकी, सरपण, धान्य डोक्यावर घेऊन वरच्या बाजाराला जायच्या. चढ इतका उभा, की बोलायला दम पुरत नसे. तरी वाटेत कुणी ओझं खाली ठेवत नसे. खाली ठेवलेलं ओझं पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि जिच्या डोक्यावर स्वतःचंच आहे ती दुसरीला हात कशी देणार? मग उभ्या उभ्याच धापा टाकायच्या आणि पुढं निघायचं.

त्या गावात संभू नावाचा पाथरवट होता. त्यानं बांधलेला विहिरीचा काठ एकदा ढासळला आणि त्याखाली त्याचा सख्खा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून संभूला अन्न गोड लागेना, झोप येईना. तो गाव सोडून गेला. सात वर्षांनी परत आला तो ख्रिस्ती होऊन. नाव शमुवेल, आणि चेहरा असा निवांत, की गावाला पहिली शंका त्या चेहऱ्याचीच आली. ज्याच्या हातून भाऊ गेला, तो माणूस असा शांत कसा?

गावानं त्याला आत घेतलं नाही. तो अर्ध्या घाटात राहिला आणि तिथं त्यानं खांद्याएवढ्या उंचीचा दगडी ओटा बांधला. ओट्याला खेटून उभं राहायचं, डोक्यावरचं ओझं हळूच शिळेवर सरकवायचं, दम खायचा, आणि पुन्हा डोक्यावर ओढून घ्यायचं. कुणाला हाक मारायला नको. वरची शिळा बारा माणसांना हलली नसती, ती त्यानं एकट्यानं चढवली, असं म्हणतात. दुसऱ्या टोकाला कुणीतरी हात लावत होतं, असंही म्हणतात.

गाव म्हणालं, यात काहीतरी काळंबेरं आहे. फुकट कोण कुणासाठी दगड उचलतं? मग कुणीतरी शोध लावला, की त्या ओट्यावर ओझं टेकवलं की माणूस बाटतं. खात्री करायला पाटलानं एक गाढव पाठवलं. त्याच्या पाठीवरच्या गोण्या ओट्यावर उतरवल्या, आणि दुसऱ्या दिवशी गाढव घाट चढेना. गाढवं अशी अडतातच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पंचांनी निवाडा दिला, की गाढव बाटलं. त्या दिवसापासून बाया ओट्याजवळून मान फिरवून जाऊ लागल्या.

सगळ्यांत संशयी होती तान्हूबाई कुंभारीण. मांजर आडवं गेलं तरी ते कुणी सोडलं, याचा ती विचार करी. पण तिचं खरं दुखणं निराळंच होतं. तीन वर्षांपूर्वी घरातलं चांदीचं कडं नाहीसं झालं. तान्हूबाईनं सून सगूवर आळ घेतला, भर गल्लीत तिला चोर म्हटलं आणि माहेरी हाकललं. कडं सगूचंच, माहेरून आलेलं. पण म्हातारीचं म्हणणं, ते भावाला गुपचूप पोचवलंस. महिन्याभरानं राखेचा ढीग उपसताना ते कडं सापडलं. तान्हूबाईच्याच हातून तिथं पडलं होतं. आता सांगायची लाज, आणि घरात ठेवायची भीती. म्हणून तिनं त्याच्याभोवती चिंध्या गुंडाळून चुंबळ केली आणि मडक्यांखाली ती डोक्यावर घेऊन हिंडू लागली. टाळूवर घट्टा पडला, रात्रीची झोप उडाली, पण तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही.

वैशाखातल्या एका दुपारी ओट्याजवळ तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मडकी फुटतील या धाकानं तिनं ती कशीबशी शिळेवर सरकवली. शमुवेल पाणी घेऊन आला.

"मंतर टाकशील तर बग, संब्या," ती म्हणाली.

"न्हाय टाकत, आक्का. पानी पी."

"आदी तू पी."

तो प्याला, मग ती प्याली. चुंबळ मात्र तिनं छातीशी घट्ट धरली होती.

"ती बी ठेव की," तो म्हणाला. "चुंबळ मऊ असती. तुजी लई जड दिसती."

तान्हूबाई दचकली. "कुनी सांगितलं तुला? सगूनं?"

"कुनी न्हाय. मी बी सात वर्सं असंच धरून फिरलो, भावाचं. मग येशूपुढं ठेवलं. म्हनलं, मला पेलत न्हाय. त्यानं घेतलं."

"आन् बदल्यात काय मागितलं?"

"कायबी न्हाय."

"मग खोटं हाय. असं कुनी घेत नसतं."

"मला बी तसंच वाटलं हुतं," शमुवेल म्हणाला. "लई दिस वाट बगितली, कवा मागतोय म्हनून."

तान्हूबाईला रडू फुटलं आणि तिनं सगळं सांगितलं. शमुवेलनं डोळे मिटले. "देवा, ही दमलीया," एवढंच तो म्हणाला.

"झाला तुजा मंतर?"

"झाला. तुजं पाप त्यो घेईल, आक्का. कडं मातर सगूचं हाय. ते तिला दे."

मडकी तिथंच ठेवून ती तशीच सगूच्या माहेरी गेली. तीन दिवस मडकी ओट्यावर होती. वावटळीनं घाटातली झाडं मोडली, पण एका मडक्याला चीर गेली नाही, असं म्हणतात.

सगूनं कडं बघितलं, मग सासूकडं बघितलं. "आता ह्यो कंचा डाव?" ती म्हणाली.

तान्हूबाईला हा सूर चांगलाच ओळखीचा होता. ती गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "चोर म्या हाय! ही न्हवं!" सगूनं दार लावून घेतलं.

पुढच्या बाजाराला तान्हूबाई घाट चढून आली, तर ओट्याजवळ सगू उभी. दोन्ही हातांनी तिनं सासूच्या डोक्यावरचं ओझं उचललं आणि शिळेवर ठेवलं. तान्हूबाई खाली टेकली, आणि बसल्या जागी तिला झोप लागली. तीन वर्षांची राहिलेली झोप ती, दिवस मावळेपर्यंत मोडली नाही, असं म्हणतात. सगू पदरानं तिच्यावर सावली धरून बसली होती.

पुढं तान्हूबाई रोज शमूबाबाजवळ बसून प्रार्थना करू लागली. गाव म्हणालं, बघा, बाटली की नाही?

ती म्हणाली, "मला झोप लागती. तुमाला लागती का?"

दुसऱ्या बाजारापासून एकेक बाई इकडंतिकडं बघून हळूच ओट्याला टेकू लागली.

शमूबाबाला जाऊन किती पिढ्या झाल्या कोण जाणे. पण अजूनही दर वैशाखात, संशयानं ज्यांच्यात फट पडली आहे अशी माणसं जोडीनं तो घाट चढतात, मग ती कुठल्याही देवाची असोत. एकानं डोक्यावर ओझं घ्यायचं, दुसऱ्यानं ते ओट्यावर उतरवायचं. गेल्या वर्षी दोन सख्खे भाऊ आले होते. थोरल्यानं डोकं पुढं केलं, आणि धाकट्याचा हात काही पुढं येईना. ऊन तापलं, मागं माणसांची रांग लागली, तरी कुणी घाई केली नाही. सगळे थांबून राहिले.