कठड्याजवळची जागा

विषय : श्री. हनोख रणभिसे, निवृत्त मुख्याध्यापक, यांना ल्यूथरन ख्रिस्ती मंडळीचे सभासदत्व पुन्हा मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा स्वहस्ताक्षरातील अर्ज, सोबत प्रमाणपत्रे नऊ.

“पण सभासदाकडून नेमकं मागतात काय, ते एकदा लेखी द्या ना, पाळकबाबा!”

“काही मागत नाहीत,” पाळक सिलास उमाप म्हणाले.

“काहीच नाही?”

“तारण फुकट मिळतं, गुरुजी. उपासनेला यायचं, वचन ऐकायचं, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला गुडघे टेकायचे.”

“एवढंच?” गुरुजी हसले. “दहा आज्ञा मला अर्थासकट पाठ आहेत. म्हणून दाखवू?”

“नको. तुमच्या वर्गात मीही होतो.”

मंडळीचा चिटणीस या नात्याने मी कागद धरून उभा होतो. अकरा वर्षांपूर्वी गुरुजींनी मंडळी सोडली, तेव्हाही मीच चिटणीस होतो. वाद धर्मशास्त्राचा होता : गायनाला तबला असावा की नसावा. तबला वाजवणारा त्यांचा धाकटा भाऊ योना होता. पंचांनी तबला ठेवला, गुरुजी गेले. त्यांच्या पत्नी मार्थाबाई मात्र शेवटपर्यंत सभासद राहिल्या आणि मंडळीच्या दफनभूमीत गेल्या. त्या दिवशी योनाने शवपेटीला खांदा द्यायला हात लावला, तो गुरुजींनी सगळ्यांदेखत झटकला.

दफनभूमीत जागा फक्त सभासदाला मिळते.

“डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब सांगितलीय,” गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. “मार्थाच्या शेजारी जागा आहे अजून… मी पाहून आलो.”

पाळकबाबा उठून वेदीकडे गेले. आम्ही मागोमाग.

“टेका गुडघे.”

गुरुजींनी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले. प्रमाणपत्रे काखेत होतीच.

“योना, ये रे.”

योना कोपऱ्यात पितळी समया पुसत होता. हात सदऱ्याला पुसत आला आणि थबकला.

“दादा… मी त्या टोकाला बसू का?”

“टोकाला बसलास तरी प्याला तोच येतो,” पाळकबाबा म्हणाले. “इथेच बस.”

योना गुडघे टेकून बसला. दोघांत वीतभर अंतर. दफनाच्या त्या दिवसानंतर एवढे जवळ ते आले नव्हते.

पाळकबाबांनी वेदीवरचा प्रभुभोजनाचा रिकामा प्याला उचलला आणि योनाच्या ओठांना लावला. मग पांढऱ्या फडक्याने कड पुसली आणि प्याला गुरुजींपुढे धरला.

गुरुजी कडेकडे पाहत राहिले.

“मी घरून आणला तर? स्टीलचा आहे. नवाकोरा.”

“एकच चालतो.”

“हे नियमावलीत कुठं आहे?”

“नाही.”

“मग तुम्ही सक्ती करू शकत नाही.”

“मी कुठं करतोय?”

प्याला तसाच धरलेला. योना मान खाली घालून बसला होता.

“तुम्ही म्हणालात काही मागत नाहीत!” गुरुजींचा आवाज चढला. “काहीतरी द्यायला सांगा. वर्गणी, बाक, पेटी… मी देतो!”

“द्यायला तुम्ही तयार आहात. घ्यायचं आहे, गुरुजी.”

…

गुरुजी कठड्याला धरून उठले. आमच्याकडे न बघता दाराकडे निघाले. दारात थांबले. मला वाटले, वळतील. ते चप्पल शोधत होते.

योना उठला नाही. त्याच्या उजवीकडची जागा तशीच होती. पाळकबाबाही प्याला घेऊन तिथेच, त्या जागेसमोर.

अखेर मी विचारले, “शेरा काय लिहू?”

“लिहा… मंडळीकडून मंजूर. अर्जदाराकडे प्रलंबित.”