पंधराव्या कुंडीची नळी

“आन् ह्याला किती थेंब?”

बाबांनी पंधराव्या कुंडीवर हात ठेवून विचारलं.

तोवर मी लय रुबाबात होतो. मठाच्या ओट्यावर पंधरा कुंड्या. कुंड्या म्हणजे तेलाचे डबे, फुटक्या बादल्या आणि एक कुणाचंतरी हेल्मेट. मागं उंच कट्ट्यावर पाण्याचा ड्रम, त्याच्या कॉकला सेलवरचा टायमर, आणि प्रत्येक कुंडीत मेडिकलमधनं आणलेली सलाइनची नळी. सकाळी सातला पाणी सुरू, दुपारी बाराला बंद. सगळं मी एकट्यानं जोडलेलं.

कारण दुसऱ्या दिवशी मठातल्या भिवाजीबाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू. डोळ्यांपुढं नुसतं धुकं. ऑपरेशन झाल्यावर महिनाभर वाकायचं नाय, बादली उचलायची नाय, मुक्काम बहिणीकडं सासवडला.

म्हणून जायच्या आधी ते माझं काम तपासत होते. बसल्याबसल्या सरकायचे, कुंडी चाचपायचे, नळीखाली तळवा धरायचे.

“तुळशीला किती?”

“मिनटाला वीस थेंब.”

“कोरफडीला?”

“चार. जास्त झालं की कुजती ती. नळीचं चाक फिरवून कमी केलंय.”

“मोगरा?”

“तीस. दुपारचं ऊन सगळं त्याच्याच डोक्यावर.”

“शिकलास की रं.”

“मग? आता कुणी यायलाच नको, बाबा. सगळं आपोआप.”

“कुणीच नको?”

“कुणीच नको.”

बाबा पुढं निघाले. सरकत सरकत पंधराव्या कुंडीपाशी आले. आणि तिथं तो प्रश्न.

पंधराव्या कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं.

मीच रोवलेलं. साडेतीन महिन्यांमागं जत्रेतनं आणलं, डब्यात माती भरली आणि बाबांना सांगितलं, परदेशी गुलाब हाय, रोज पाणी लागतं. बाबा रोज घालायला लागले. वर उपरण्यानं पानंसुद्धा पुसायचे. मी रोज सकाळी समोरच्या पारावर येऊन बसायचो आणि शर्टाची कॉलर तोंडात कोंबून हसायचो. एकदा तर हसता हसता पारावरनं खाली पडलोय.

पण आता ऑपरेशन होणार. बाबांना दिसणार, आणि मला मठातनं हाकलणार.

तुम्ही म्हणाल, हाकललं तर हाकललं. तर ऐका. शाळेनं मला नववीत काढलं. भजनी मंडळानं काढलं, कारण पेटीवर खाजकुयली. चुलत्यानं दुकानातनं काढलं, ते कारण सांगत नाय. “आलास व्हय अवध्या, चहा टाक” असं म्हणणारा अख्ख्या गावात एकच माणूस उरला होता.

“अवध्या, ह्याला किती म्हणलं मी?”

“दहा,” मी ठोकून दिलं.

“बरं.”

पण ते पुढं सरकलेच नायत. तळवा तसाच नळीखाली. थेंब पडत होते… एक… एक…

दहा झाले असतील.

“बाबा, ते प्लास्टिकचं हाय.”

“हूं.”

“हूं काय? साडेतीन महिने फसवलं मी तुम्हाला.”

“पहिल्याच दिवशी पान चाचपलं मी. उभा जन्म झाडांत गेला माझा, आन् मला पान कळायचं नाय व्हय?”

“मग पुसायचा कशाला?”

“प्लास्टिकवर धूळ लय बसती.”

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. दाढीत हसत होते का काय, कळंना.

“आन् पाणी? पाणी का घालत होता रोज?”

बाबांनी ओला तळवा उपरण्याला पुसला.

मागं ड्रममधे पाणी गुळगुळलं. पारावर दोन साळुंक्या भांडत होत्या.

“तू हसायचास,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मला कुठं काय दिसतंय? जाग आली तरी धुकं, झोप लागंस्तोवर धुकं. समोरनं तुझं खुसखुसणं कानावर आलं की कळायचं… उजाडलं.”

उपकार मानायची मला सवय नाय. त्याच्या आधीच लोक हाकलतात, वेळच येत नाय. मानायचे होते लय. साडेतीन महिन्यांच्या सगळ्या सकाळींचे, सगळ्या चहांचे. पण कसे मानतात, ठाऊक नाय.

म्हणून पंधराव्या कुंडीच्या नळीलाच हात घातला.

“काढतो ही. पाणी उगं वाया जायचं.”

बाबांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं चाचपत नळीचं चाक शोधलं, ते मागं मागं फिरवलं, आणि एक थेंब कसाबसा पडंल एवढंच ठेवलं.

“असू दे. सकाळी येऊन हसत जा त्याला. मी महिनाभर नाय, म्हणून मठात उजाडायचं थांबायला नको.”